पोटावरची चीर आणि गर्भाशयावरची चीर : तीन सिझेरियननंतर पुन्हा गर्भधारणेचा प्रश्न

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळी आटोपल्यानंतरच्या आठवड्यात, गगनबावडा तालुक्यातील एका गावातून 32 वर्षांची एक स्त्री पती आणि सासूबाईंसह माझ्या कोल्हापुरातील दवाखान्यात आली. ती गरोदर नव्हती, पाळी नियमित होती आणि दुखण्याखुपण्याची कसलीही तक्रार नव्हती. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती तिने खुर्चीत नीट बसण्याआधीच विचारली. "मॅडम, माझी तीन सिझर झाल्यात. परत दिवस गेलं तर चालंल का? चालत नसंल तर तसं सांगा, मी ऐकायची तयारी करूनच आलोय." (आमच्या भागातील बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असेच बोलतात, ते तसेच ठेवले आहे.) तिची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत आणि तिला फक्त 'ताई' म्हटले आहे, कारण प्रत्यक्षातही मी तिला तसेच म्हणत असे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, 'तीन झाली, आता बास'. आणि दुसरे, 'हल्ली काही होत नाही, अमकीची चार झाली, तमकीची पाच झाली'. दोन्ही उत्तरे शस्त्रक्रियांची संख्या मोजून दिली जातात आणि समोरच्या बाईच्या पोटात प्रत्येक वेळी नेमके काय केले गेले होते, हे उत्तर देणाऱ्याने बहुतेक वेळा पाहिलेले नसते. मीसुद्धा कित्येक वर्षे पहिल्याच भेटीत संख्येवरून मत देत आले आहे, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावे असे मला वाटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत देशातील 17.2 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद होती. 2019-21 च्या फेरीत हे प्रमाण 21.5 टक्क्यांवर गेले आणि खासगी रुग्णालयांत तर ते 47.4 टक्के होते. पहिले सिझेरियन झालेल्या स्त्रिया इतक्या वाढल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या वेळचा प्रश्न घेऊन येणाऱ्याही वाढणार, हे उघड आहे.

ताईचे पहिले बाळंतपण 2013 मध्ये झाले. चौदा तास कळा देऊनही बाळाचे डोके खाली उतरले नाही आणि ठोके कमी होऊ लागले, म्हणून सिझेरियन करावे लागले, मुलगी झाली. 2016 मध्ये दुसऱ्या वेळी कळांची वाट न पाहता तारीख ठरवून सिझेरियन झाले, तीही मुलगीच. नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, हे त्या वेळी तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते. गर्भाशयाच्या खालच्या भागात एकच आडवी चीर असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर असा प्रयत्न करणाऱ्या शंभरपैकी साधारण 72 ते 75 जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात आणि जुनी शिवण उसवण्याचा धोका दोनशेत एकीला असतो. हा प्रयत्न रात्री-अपरात्री तातडीने शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी करायचा असतो, हे खरे. तरी ज्या जोडप्याला दोनपेक्षा अधिक मुले हवी आहेत त्यांच्याशी हे बोलणे दुसऱ्या खेपेलाच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या खेपेपर्यंत ती वाट बहुतेक बुजलेली असते.

तिसऱ्या गर्भधारणेत, फेब्रुवारी 2021 मध्ये, 29 व्या आठवड्यात तिचा रक्तदाब एकाएकी चढला. डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. बाळ आडवे होते. एका रुग्णालयात तातडीने सिझेरियन झाले. मुलगा झाला, वजन 1,050 ग्रॅम. तो सहा दिवस काचेत होता आणि सातव्या दिवशी गेला. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन त्या वेळी केले नाही, आणि बाळाची शाश्वती नसताना ते न करणे योग्यच होते. मात्र पुढे काय, हे सांगायला नंतर कोणी भेटले नाही. घरी परतण्याची घाई सगळ्यांनाच होती. त्यानंतरची अडीच वर्षे त्या दोघांनी जमेल तसे निरोध वापरून काढली होती.

तिने बरोबर आणलेले कागद साडीच्या दुकानाच्या एका जुन्या कॅरीबॅगमध्ये होते. सोनोग्राफीचे फोटो ज्या चकचकीत कागदावर छापले जातात तो कागद उष्णतेने आणि काळाने पांढरा पडतो. तिच्याकडचे 2013 चे फोटो पूर्ण कोरे झाले होते आणि तरीही ती ते एकावर एक नीट लावून ठेवत होती. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, बाळाच्या पायाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी आणि तीन डिस्चार्ज कार्डे, एवढाच ऐवज होता. तिन्ही कार्डांवर शस्त्रक्रियेच्या रकान्यात एकच शब्द होता : एलएससीएस. म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागातील चिरेतून केलेले सिझेरियन. तिसऱ्या कार्डावर तो शब्द छापीलच होता, अलीकडे फक्त 'तातडीचे' असे पेनाने लिहिले होते.

तो छापील शब्द मला खटकला. गर्भाशयाचा खालचा भाग गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ताणला जाऊन पातळ व रुंद होतो आणि तेथे आडवी चीर देणे सोपे जाते. 29 व्या आठवड्यात तो भाग पुरता तयार झालेला नसतो. त्यात बाळ आडवे, आणि आधीच्या दोन शस्त्रक्रियांमुळे मूत्राशय वर चिकटलेले असण्याची शक्यता. अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्याला बहुधा वेगळी चीर द्यावी लागते. पोटाच्या कातडीवरून यातले काहीच कळत नाही. ताईच्या ओटीपोटावर एकच आडवा व्रण होता, डावीकडे दोऱ्यासारखा बारीक आणि उजवीकडे बोटाला जाडसर लागणारा. तिन्ही वेळा तोच व्रण उघडला होता. कातडीवरची चीर आडवी असली म्हणून आतल्या गर्भाशयावरची चीरही आडवीच असेल, असे मुळीच नाही, आणि ही एक गोष्ट प्रत्येक सिझेरियन झालेल्या बाईला सांगितली गेली पाहिजे.

म्हणून पहिल्या भेटीत मी तिला हो किंवा नाही, काहीच सांगितले नाही. तपासणी केली, काही चाचण्या लिहून दिल्या आणि तिसऱ्या शस्त्रक्रियेची नोंद मागवायला सांगितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत द्यावी लागतात. 2013 आणि 2016 चे कागद मिळण्याची आशा नव्हतीच; 2021 च्या कागदांची मुदत संपायला मात्र अजून तीन महिने होते. अर्ज कसा लिहायचा ते मी एका कागदावर उतरवून दिले : नाव, दाखल झाल्याची तारीख, 'शस्त्रक्रियेच्या नोंदीसह संपूर्ण केसपेपरची प्रत मिळावी' एवढेच वाक्य, आणि पोच घ्यायला विसरू नका असा तोंडी निरोप. पती शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतात आणि शहरातच खोली घेऊन राहतात. त्यांनी सुट्टीच्या दिवशी अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी प्रती हातात पडल्या. कोणी अडवले नाही. मागायचे असते हेच आजवर कोणी सांगितले नव्हते.

त्या प्रतींमधले चौथे पान मी दोनदा वाचले. घाईच्या तिरक्या अक्षरात, इंग्रजीत, मोजक्या ओळी होत्या. खालचा भाग तयार झालेला नाही. मूत्राशय वर ओढलेले व चिकटलेले. बाळ आडवे, पाठ खालच्या बाजूला. गर्भाशयावर उभी चीर, वरच्या भागापर्यंत. तीन थरांत शिवले. आणि शेवटी एक ओळ, तिच्याखाली रेघ मारलेली : पुढील गर्भधारणेत कळा येऊ देऊ नयेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याने जे करायला हवे होते तेच केले होते. पाठ खाली करून आडवे असलेले 29 आठवड्यांचे बाळ अरुंद आडव्या चिरेतून ओढणे धोक्याचे असते आणि त्या जागी मी असते तर मीही उभीच चीर दिली असती. चूक त्यापुढची आहे. रेघ मारलेली ती ओळ केसपेपरातच राहिली, आणि जिला ती ठाऊक असायला हवी होती तिच्या हाती छापील 'एलएससीएस' पडले. अडीच वर्षांच्या त्या अर्धवट काळजीत तिला दिवस गेले असते, आणि तिने ते कार्ड जवळच्या दवाखान्यात दाखवले असते, तर तेथील डॉक्टरांनी 'तीन आडव्या चिरा, नववा महिना लागू दे, मग तारीख घेऊ' असेच सांगितले असते.

बाकीच्या तपासण्यांतून आणखी काही गोष्टी पुढे आल्या. गरोदर नसतानाही तिचा रक्तदाब 146/94 होता. एका मोजणीवर निदान करायचे नसते, म्हणून गावच्या उपकेंद्रात आठवडाभर मोजायला सांगितले. तेथील आकडेही 140/90 च्या वरच राहिले. म्हणजे तिसऱ्या खेपेचा रक्तदाब बाळंतपणाबरोबर गेला नव्हता, तो मुक्कामाला आला होता, आणि अडीच वर्षांत कोणी त्याला विचारले नव्हते. हिमोग्लोबिन 9.4 होते. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत जुन्या आडव्या चिरेच्या जागी लहानशी खाच दिसली, आणि प्रोबने हलकासा दाब दिला तरी गर्भाशय पोटाच्या पुढच्या भिंतीवरून सरकत नव्हते, म्हणजे ते तेथे चिकटलेले होते.

दुसरी भेट डिसेंबरमध्ये झाली आणि ती सव्वा तास चालली. उभी चीर म्हणजे काय हे मी आकृती काढून सांगत होते : खालचा भाग कळांच्या वेळी शांत राहून ताणला जातो, वरचा भाग जाड स्नायूंचा असतो आणि कळांचा सगळा जोर तोच लावतो, त्यामुळे वरच्या भागातली शिवण उसवण्याचा धोका कितीतरी जास्त, साधारणपणे 4 ते 9 टक्के मानला जातो, आणि ती कधी कधी कळा सुरू होण्याआधीच उसवते. ताई आकृतीकडे पाहत होती. तिने मला मध्येच थांबवले. "म्हंजे पोत्यागत. तोंडाला शिवलेलं पोतं भरलं तरी ऱ्हातंय, पण मधी पोटाला फाटून शिवलेलं असंल तर भात भरताना तितंच उसवतंय." माझ्या आकृतीपेक्षा हे उदाहरण नेमके होते आणि त्यानंतर मी इतर रुग्णांनाही तेच सांगते.

उभ्या चिरेमुळे बाळंतपणाची तारीख 36 ते 37 व्या आठवड्यातच, कळा सुरू होण्याआधी धरावी लागते, म्हणजे बाळ पुन्हा थोडे अपुऱ्या दिवसांचे येणार. हा पहिला धोका झाला. दुसरा वारेचा. वार जुन्या चिरेवर रुजली तर ती गर्भाशयाच्या भिंतीत, क्वचित भिंत ओलांडून मूत्राशयापर्यंत रुतते आणि बाळ बाहेर आल्यावर सुटत नाही. अमेरिकेतील 19 केंद्रांमधील 30,132 सिझेरियन प्रसूतींचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या सिझेरियनच्या वेळी वार रुतण्याचे प्रमाण 2.13 टक्के आणि गर्भाशय काढून टाकावे लागण्याचे प्रमाण 2.41 टक्के आढळले. पण वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, तर तीच वार रुतलेली असण्याची शक्यता पहिल्या सिझेरियनला 3 टक्के, तिसऱ्याला 40 आणि चौथ्याला 61 टक्के होती. मी हे आकडे कागदावर लिहिले. पतींनी लगेच हिशेब केला : "म्हंजे शंभरातल्या सत्त्याण्णव तर बऱ्याच निघत्यात की, मॅडम." तो हिशेब खरा होता आणि मी तो खरा आहे असेच म्हणाले. भीती घालून मिळवलेला नकार टिकत नाही, आणि बाईच्या शरीराचा निर्णय असा घेऊही नये. एवढेच सांगितले की हे आकडे बहुतांशी आडव्या चिरा असलेल्या स्त्रियांचे आहेत, आणि ताईच्या बाबतीत त्यांच्यावर उभी चीर आणि रक्तदाब यांची भर पडते.

रक्तदाबाबद्दल घरात कोणीच विचार केला नव्हता; सगळ्यांचे लक्ष टाक्यांवर होते. प्रत्यक्षात बाळ दगावले ते टाक्यांमुळे नव्हे, रक्तदाबामुळे लवकर जन्माला यावे लागले म्हणून. 28 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान ज्यांचे बाळंतपण या कारणाने करावे लागते, त्यांच्यापैकी साधारण तिघींत एकीला पुढच्या खेपेस पुन्हा तोच त्रास होतो. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देऊन हा धोका कमी करता येतो, संपवता येत नाही. याचा साधा अर्थ असा की चौथी खेप यशस्वी होईलच असे नाही. ताईला पुन्हा एकदा सातव्या महिन्यात, काचेसमोर उभे राहावे लागण्याची शक्यता खरी होती. हे वाक्य उच्चारणे मला त्या संपूर्ण भेटीत सर्वांत जड गेले.

त्यानंतर आम्ही, हो म्हणायचे ठरले तर काय काय लागेल, ते मांडले. आधी किमान तीन-चार महिने रक्तदाब ताब्यात आणि हिमोग्लोबिन 11 च्या वर. पाळी चुकल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी, कारण गर्भ जुन्या चिरेतच रुजला असेल तर ते तेव्हाच कळले पाहिजे. उशीर झाला की उपचार अवघड होतात. पाचव्या महिन्यात वारेची जागा पाहायची, आणि ती खाली असेल तर पुन्हा 28 व 32 व्या आठवड्यात. बाळंतपण सीपीआरसारख्या (कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय), रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच आवारात असलेल्या रुग्णालयात, आणि गरज पडल्यास मूत्ररोगतज्ज्ञ हाताशी. शिवाय सातवा महिना लागल्यापासून ताईने कोल्हापुरातच राहायचे.

या शेवटच्या अटीवर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "तीन म्हैनं? मग रानात कोण जाणार, आन् पोरींचं कोण बघणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पण गगनबावडा ते कोल्हापूर हे अंतर सुमारे 55 किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या दिवसांत गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येते आणि वाहतूक थांबते. दिवस भरत आले असताना गर्भाशयातून मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त खेळत असते. उसवलेल्या शिवणीला किंवा रुतलेल्या वारेला रस्ता मोकळा होण्याची वाट पाहता येत नाही. आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर काढून महिने मोजले : डिसेंबरच्या सुरुवातीच्या पाळीनंतर दिवस गेले तर 36 आठवडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन पुरात, भरतात. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा सापडणार नाही, पण कोल्हापुरात बसून सल्ला देणाऱ्याने तो वगळू नये.

सासूबाईंबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण अशा प्रकरणांत त्यांना खलनायिका ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यांनी निघताना दाराशी हळूच विचारले की पोटातले मूल 'कोणते' हे आधी कळले असते तर एवढा धोका घ्यायचा की नाही ते ठरवता आले असते. मी स्पष्ट नकार दिला. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ 839 मुली उरल्या होत्या आणि त्या आकड्यामागे असेच हळूच विचारलेले प्रश्न होते. पण त्या बाई पुढे म्हणाल्या, "सात-बाऱ्यावर नाव कुणाचं लावायचं, मॅडम? मी मेलो की भाऊबंद बांध सारकणार." त्यांना छळायची हौस नव्हती, त्यांना जमिनीची भीती होती. 2005 पासून मुलींचाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, नातींची नावे लागतील, हे मी सांगितले. त्यांना ते पटले असे म्हणणार नाही, पण त्यांनी ते ऐकले आणि मुलाला घरी गेल्यावर तलाठ्याला विचारायला लावले, असे पुढे कळले.

जानेवारी 2024 मध्ये मी ताईला एकटीला बोलावले. बाईशी एकदा तरी एकटीशी बोलावे, हा माझा नियम आहे. मुलगा हवा म्हणून घरचे मागे लागलेत का, असे मी विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरगा पायजे म्हणून न्हाई मॅडम. मला त्योच पायजे." आणि नंतर तिने जे सांगितले ते तिने कोणालाच सांगितले नव्हते : बाळ गेल्यावर घरी आली तेव्हा तिला दूध येत होते, आणि ती रोज पहाटे, सगळे उठायच्या आत, मोरीत उभी राहून ते पिळून टाकत होती. अकरा दिवस. दूध कसे थांबवायचे, छाती दुखली तर काय करायचे, एवढेसुद्धा तिला कोणी सांगितले नव्हते. तिचा चौथ्या गर्भधारणेचा प्रश्न तेथून आला होता. मी तिला सांगितले की पुढचे मूल मुलगा असो वा मुलगी, ते दुसरेच मूल असेल. तो परत येणार नाही. ती म्हणाली, "कळतंय मला. पण कुणी म्हणालं नव्हतं." त्या दिवशी आम्ही चिरेबद्दल एक शब्दही बोललो नाही.

फेब्रुवारीत ती पतींसह आली आणि निर्णय तिनेच सांगितला. "न्हाई, मॅडम. पोतं उसवलं तर भात गोळा करून भरता येतोय. माझ्या दोघींना कोण भरून घेणार?" पतींनी मान हलवली. ती हो म्हणाली असती तर वर लिहिलेल्या सर्व तयारीनिशी मी तिच्याबरोबर राहिले असते, हे मी तिला आधीच सांगून ठेवले होते, आणि मला वाटते की त्यामुळेच तिचा नकार तिचा स्वतःचा होता.

उरला प्रश्न कायमच्या उपायाचा. घरच्यांनी गृहीत धरले होते की आता ताईचे ऑपरेशन होईल. पण जिचे गर्भाशय पोटाच्या भिंतीला चिकटलेले आहे तिच्या पोटात, दुर्बिणीने का होईना, चौथ्यांदा शिरणे म्हणजे आतडे आणि मूत्राशय यांना इजा होण्याचा धोका पत्करणे. आणि रक्तदाबामुळे नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्याही तिला योग्य नव्हत्या. पुरुषाची बिनटाका नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत, जागा बधिर करून होते. पतींच्या मनात नेहमीची शंका होती : भट्टीपुढे उभे राहायचे, साचे उचलायचे, ताकद गेली तर? नसबंदीत शुक्रवाहिनी तेवढी बंद केली जाते, वृषणातून रक्तात मिसळणारे संप्रेरक तसेच राहते आणि ताकदीवर किंवा शरीरसंबंधावर परिणाम होत नाही, हे मी समजावले. पण त्यांना खरा धीर आला तो त्यांच्याच खात्यात दोन वर्षांपूर्वी नसबंदी करून घेतलेल्या एका सहकाऱ्याशी बोलल्यावर. मार्चमध्ये त्यांनी सरकारी रुग्णालयात ती करून घेतली. लगेच निर्धास्त व्हायचे नसते. आधीचे शुक्रजंतू निघून जायला सुमारे तीन महिने लागतात, तोवर निरोध वापरावा लागतो आणि वीर्य तपासून खात्री करावी लागते, हे मी दोघांकडून पुन्हा वदवून घेतले.

जूनच्या शेवटी तो रिपोर्ट घेऊन दोघे आले. शुक्रजंतू शून्य होते. ताईचा रक्तदाब अ‍ॅम्लोडिपिनच्या 5 मिलिग्रॅमच्या एका गोळीवर 126/82 होता आणि हिमोग्लोबिन 11.8. बाहेर पावसाची झड लागली होती आणि रस्ता बंद व्हायच्या आत त्यांना गावी पोचायचे होते, म्हणून बोलणे थोडक्यातच झाले. निघताना तिने विचारले, "आता ही कागदं ठिवू का टाकू?" ठेवा, मी म्हणाले; पुढे अपेंडिक्सचे, पित्ताशयाचे, कसलेही पोटाचे ऑपरेशन करायची वेळ आली तर हे चौथे पान डॉक्टरांना आधी दाखवा. कॅरीबॅग गेली होती. तिने सगळे कागद नव्या निळ्या फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावले होते, कोरे पडलेले फोटोसुद्धा. बाळाच्या पायाची पट्टी मात्र त्यात नव्हती. ती कोठे ठेवली, हे मी विचारले नाही.